गोंदियाच्या बाजारातील एक गिऱ्हाईक आणि जंगलातून आलेली तबकडी

साल १९३५ च्या आसपासचे. भाताचे चुरणे आटोपले आहे, हातात चार पैसे आले आहेत आणि आमगावकडचा एक मालगुजार रेंगी जुंपून गोंदियाच्या बाजाराला निघाला आहे. खरेदीची यादी ठरलेली आहे: घरधनिणीसाठी बांगड्या, लेकीसाठी सोन्याची एकदाणी, गावच्या नाटकासाठी पेटी, आणि स्वतःच्या हौसेखातर एक ग्रामोफोन. हे गिऱ्हाईक काल्पनिक आहे. यादीतील वस्तू मात्र त्या काळच्या खऱ्या आहेत, आणि या चारही वस्तूंना जोडणारा एक पदार्थ आहे. तो आमगाव, सालेकसा, देवरीच्या रानात पळसाच्या फांद्यांवर तयार होत होता.

धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा कलकत्ता आणि मुंबईचा म्हणून सांगितला जातो. मोठे गवई, मोठ्या कंपन्या, मोठी दुकाने. गोंदियासारख्या ठिकाणाचा उल्लेख झालाच तर अगदी शेवटी, ‘पुढे हे यंत्र आडगावांतही पोहोचले’ अशा एका वाक्यात. त्या वाक्यात आडगाव म्हणजे केवळ पोहोचण्याची जागा. यंत्रावर फिरणारी तबकडी ज्या मालाची बनली, तो माल कुठून निघाला, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही.

आधी गाव पाहू. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९३५ मध्ये हा सारा मुलूख मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. गोंदियाला मोठे केले ते रेल्वेने. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरमापी रेल्वे गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली, आणि १९०० पर्यंत हा मार्ग थेट हावड्याला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात गोंदियाहून दोन अरुंदमापी फाटे निघाले: एक उत्तरेला बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे, दुसरा दक्षिणेला नागभीडमार्गे चांद्याकडे. दोन्ही बाजूंच्या जंगलांचा माल छोट्या गाडीने यायचा, गोंदियात उतरायचा आणि मोठ्या गाडीने कलकत्त्याला किंवा मुंबईला जायचा. परतीच्या डब्यांतून शहरी माल यायचा.

गोंदिया या नावाबद्दलही एक गोष्ट सांगितली जाते. रानातले गोंड लोक गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख विकायला या ठिकाणी आणत, म्हणून गावाला हे नाव पडले. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकेल हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे. पण गावाने आपल्या नावाची कथा सांगताना राजा किंवा देवता न निवडता बाजाराला आलेला माल निवडला, हे विसरण्यासारखे नाही.

त्यातली लाख म्हणजे नेमके काय? पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतो. तो फांदीतला रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच स्रवतो. हजारो कीटकांची कवचे एकमेकांना चिकटून फांदीवर जाड, खडबडीत साल चढते. तीच लाख. पळसावरच्या रंगिणी जातीची वर्षाला दोन पिके निघतात: एक सुमारे ८ महिन्यांचे, वैशाखाच्या सुमारास येणारे; दुसरे सुमारे ४ महिन्यांचे, कार्तिकाच्या सुमारास येणारे. शेतकरी बियाणे राखून ठेवतो, तसे लाखेचे बीजही राखावे लागते. जिवंत कीटक असलेल्या काड्या नव्या झाडांच्या फांद्यांना बांधल्या की पिल्ले त्यांवर उतरतात.

महाभारतातील लाक्षागृह आपल्याला ठाऊक असते. स्त्रियांच्या पायांना लागणारा अळता मूळचा लाखेच्या तांबड्या रसाचा. मराठीत मोहोरबंद पत्राला ‘लाखोटा’ म्हणतात तोही हिच्यामुळेच. म्हणजे पदार्थ प्राचीन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. त्याच सुमारास तिच्या राळेला मात्र नवी मागणी येत होती. भारत हाच लाखेचा जगातील सर्वांत मोठा पुरवठादार होता आणि कलकत्ता हा तिचा मुख्य बाजार.

आता रेंगी बाजारात पोहोचली आहे.

पहिली खरेदी बांगड्यांची. लाखेच्या बांगड्या करणारी जात मध्य प्रांतात लखेरा म्हणून ओळखली जाई. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या प्रसिद्ध ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र नोंद आहे. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, तिची वळी ओढायची, रंग चढवायचा, हातावर मावेल असे कडे वळवायचे. हा व्यवहार झटपट होणारा. बांगडी फुटली तर पुढच्या बाजारी दुसरी.

दुसरी खरेदी मात्र सावधपणाची. एकदाणीचे मणी वरून भरीव सोन्याचे दिसतात, आत पोकळ असतात, आणि ती पोकळी लाखेने भरलेली असते. त्यात फसवणूक नाही, ती रीतच आहे: पातळ पत्र्याचा मणी लाखेच्या आधाराशिवाय चेपतो. प्रश्न तराजूचा. दागिना मोडायला नेला की सोनार लाख वितळवून काढतो आणि उरलेल्या सोन्याचे वजन करतो. खरेदीच्या वेळी लाखेचे वजन वेगळे धरले होते की सोन्याच्या भावात जमा झाले, हे त्या दिवशी कळते. म्हणून जाणते गिऱ्हाईक आधीच विचारते: यात लाख किती? ज्याच्या शिवारातली लाख कवडीमोलाने गेली, त्यानेच ती सोन्याच्या भावाने परत घेण्याचा धोका इथे असतो.

तिसरी खरेदी पेटीची, आणि इथे झाडीपट्टीच्या नाटकाविषयी सांगायला हवे. गोंदियाचा दक्षिण भाग, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या भातपट्ट्यात पीक घरी आल्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. त्याआधीची दंडारीची परंपरा तर आणखी जुनी. नाटक म्हणजे गाणे, आणि गाणे म्हणजे पेटी-तबला. पेटी ही गावाच्या मानाची वस्तू.

युरोपी हार्मोनियम पायांनी भाता चालवायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कलकत्त्याच्या द्वारकिन या दुकानाचे द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालवायची, जमिनीवर बसून वाजवायची सुटसुटीत पेटी घडवली आणि ती देशभर पसरली. गोंदियाच्या गिऱ्हाईकाला ती कलकत्त्याच्या मार्गानेच मिळणे सोपे. पेटी निवडताना पट्ट्या दाबून सूर पाहायचे, भात्याला कान लावून हवा कुठे निसटते का ते ऐकायचे, आणि मग लाकडावरून हात फिरवायचा. तो चकचकीत तांबूस हात म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पॉलिश. चपडा म्हणजे शुद्ध करून पापुद्र्यासारखी केलेली लाख. मिरजेच्या तंबोऱ्या-सतारींवरही हेच पॉलिश चढे. (१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून बाद केले आणि ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. झाडीपट्टीच्या रंगमंचाने त्याची फारशी फिकीर केली असेल असे वाटत नाही.)

आता चौथी खरेदी. कर्णा असलेले किंवा पेटीत बंद होणारे ग्रामोफोन यंत्र, चावी देऊन चालणारे. वीज लागत नाही, हा खेड्यासाठी त्याचा सर्वांत मोठा गुण. सोबत सुयांची टिनची डबी आणि तबकड्या.

तबकडी हातात घेतली की पहिली जाणीव वजनाची होते. दहा इंची, काळी, जड आणि ठिसूळ. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ घेत घेत अर्धा तास रंगणारे पद इथे तीन मिनिटांत आवरावे लागे. बालगंधर्वांच्या पदांनाही यातून सुटका नव्हती. मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्या या वेगाने ती फिरे.

आणि ती कशाची बनलेली होती? एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये चपट्या तबकडीचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या आणि त्या समाधानकारक नव्हत्या. १८९५ च्या सुमारास त्याला उत्तर सापडले ते गुंड्या बनवणाऱ्या एका अमेरिकी कारखान्यात: लाखेच्या मिश्रणातून गुंड्या दाबून काढतात, मग तबकड्या का नाहीत? तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक जगातील बहुतेक तबकड्या चपडा लाखेत बांधल्या गेल्या. मिश्रणात लाखेचे प्रमाण साधारण पाचव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत असे. बाकी दगडाची भुकटी, काजळी, थोडे सुताचे तंतू. भुकटी मुद्दाम खरखरीत ठेवलेली, कारण पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खोबणीच्या मापाचे व्हावे लागे. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई. गिऱ्हाईकाने सुयांची काटकसर केली, तर सुई वाचे आणि तबकडी झिजे. सुया स्वस्त होत्या आणि तबकडी महाग, तरी ही चूक घरोघर होत असणार. झिजलेल्या जुन्या तबकड्या त्याची साक्ष देतात.

भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग ती करायला आला होता. गौहरजान या गायिकेचा आवाज तेव्हाच मुद्रित झाला. गाणे संपताच ती स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारते, ते ऐकून आज गंमत वाटते. पण त्यामागे कारण होते. मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन तिथे तबकड्या दाबल्या जात, आणि तिथल्या कामगारांना गायिका ओळखू येण्याचा तोच मार्ग. म्हणजे भारताची लाख समुद्रापार जाई आणि भारताच्याच गाण्याची खोबण अंगावर घेऊन परत येई. १९०८ मध्ये कंपनीने कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला, पुढे तो दमदमला गेला, आणि हा वळसा बराच आखूड झाला. गोंदियाच्या दृष्टीने तर तो एकाच रेल्वेमार्गावर आला. लाख हावड्याच्या दिशेने जायची, कुत्र्याचे चित्र असलेली तबकडी हावड्याच्या दिशेनेच यायची.

अमुक तबकडीतील लाख अमुक रानातली, असे दाखवता येत नाही. मिरझापूर, छोटा नागपूर, छत्तीसगड, सगळीकडचा माल कलकत्त्याच्या गोदामांत एकत्र होई. पण गोंदिया हे मध्य भारतातील लाखेच्या कामाचे एक जुने केंद्र, हे निश्चित. तिथे हे काम आजही चालते.

ते काम कसे होई? रानातून आलेल्या काडीलाखेवरून लाख खरवडायची, कुटायची, पाण्यात तुडवून धुवायची. पाणी तांबडे होते आणि उरते ती दाणा लाख. ती एका लांबच लांब कापडी नळीत भरायची. नळीचे एक टोक भट्टीसमोर, दुसरे टोक मदतनिसाच्या हातात. मदतनीस पीळ देतो तशी आचेने वितळलेली लाख कापडातून पाझरते. कारागीर ती गरम नळकांड्यावर पसरतो, मग पातळ चादर उचलून हातांनी, पायांनी आणि चक्क दातांनी ताणतो, आगीसमोर, ती काचेसारखी पारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर तिचे तुकडे करतात. तोच चपडा. रंग सोनेरी दिसावा म्हणून त्यात हरताळ घालत, वजन वाढावे म्हणून स्वस्त राळ. दोन्हींवर घेणाऱ्यांचा आक्षेप असे, आणि हरताळ तर विषारी. ही चादर दातांत धरणाऱ्या माणसाच्या आरोग्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत मांडला जात नसे.

आता पैशाकडे येऊ, कारण खरेदीची गोष्ट पैशावाचून सांगणे म्हणजे जाहिरात करणे. आपले गिऱ्हाईक मालगुजार आहे. मध्य प्रांतात गावाचा शेतसारा गोळा करून सरकारजमा करणारा हा जमीनधारक वर्ग. त्यांचे हक्क १९५१ मध्ये संपुष्टात आले. गावाच्या हद्दीतील रान आणि झाडे त्याच्या अखत्यारीत, त्यामुळे पळसावरच्या लाखेचा ठेका देणे हेही त्याचे एक उत्पन्न. सरकारी जंगलातील लाखेचे लिलाव ठेकेदार घेत. झाडावर चढून काड्या बांधणारा आणि तोडणारा गोंड किंवा हलबा मजूर या साखळीच्या अगदी तळाशी. त्यातही लाखेचा भाव कुप्रसिद्ध होता. पहिल्या महायुद्धानंतर तो आकाशाला भिडला, १९३० च्या मंदीत कोसळला. भाव चढला की नफा वर राहायचा, पडला की झळ खालपर्यंत यायची.

एका तबकडीची किंमत शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होती. यंत्राची तर बातच नको. लाख तोडणारा माणूस हा तबकडीचा ग्राहक होऊच शकत नव्हता.

पण श्रोता तो होता. वाड्याच्या ओसरीवर यंत्र ठेवले जाई, चावी दिली जाई आणि अंगणात गाव जमे. विकत घेणारा एक, ऐकणारे शेकडो, हे ग्रामोफोनचे भारतीय खेड्यातील रूप विक्रीच्या आकड्यांत कधीच दिसत नाही. ज्याच्या हाताने लाख तोडली, तो अंगणात दूरवर उभा राहून तीच लाख गाताना ऐकत होता, हे शक्य आहे. त्याला ते ठाऊक असण्याची शक्यता मात्र फार कमी.

एखादी तबकडी गोंदियात मिळाली नाही, तर यादी पाहून मुंबई-कलकत्त्याहून मागवायची. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही. पी. पद्धत सुरू केली होती: माल आधी, पैसे पोस्टमनच्या हाती. जडजवाहीर वा मौल्यवान वस्तू विमा उतरवून येई, तेव्हा पार्सलच्या शिवणीवर तांबड्या मोहोरा असत. त्याही लाखेच्याच. तबकडी मात्र अशी मागवणे जोखमीचे. धक्का लागला की तडा, आणि पूर्व विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे झुकत असताना, उन्हात राहिली की वाकडी. वाकलेली तबकडी वाजते, पण सुई डोलते आणि गवयाचा सूरही.

१९४२ मध्ये या साखळीचे महत्त्व जगाला एकदम कळले. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, हिंदी महासागरातील वाहतूक धोक्यात आली, आणि दारूगोळ्याच्या कामातही लाख लागत असल्याने अमेरिकेने एप्रिलमध्ये तिचा साठा नियंत्रित केला. तिथल्या तबकडी कंपन्यांना आदल्या वर्षाच्या ३० टक्के लाखेवर भागवण्याचा आदेश निघाला. लोकांनी जुन्या तबकड्या परत द्याव्यात, त्या दळून नव्या करता येतील, अशी आवाहने झाली. न्यूयॉर्कमधील नृत्यसंगीत भारतातील पळसा-कुसुमाच्या फांद्यांवर किती अवलंबून होते, ते त्या टंचाईने उघड केले. पर्यायाचा शोध त्यामुळे जोरात सुरू झाला, आणि जून १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने विनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लांब तबकडी बाजारात आणली. लाखेची तबकडी पश्चिमेत दशकभरात संपली.

भारतात ती अधिक काळ जगली. दमदमचा कारखाना १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणीसुद्धा ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर काढत होता. आज जगभरचे संग्राहक त्यांसाठी मोठी रक्कम मोजतात. कारण साधे होते. खेड्यांत वीज नव्हती आणि चावीची यंत्रे घरोघर शाबूत होती.

मालगुजारी गेली त्याच्या आगेमागे ओसरीवरच्या यंत्रालाही प्रतिस्पर्धी आला. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, १९५७ मध्ये विविध भारती आली. रेडिओला परवाना लागे, आणि त्याचे वार्षिक शुल्क पोस्टात भरण्याचा सोपस्कार १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. पण एकदा संच घेतला की गाणे फुकट. प्रत्येक तीन मिनिटांसाठी वेगळी तबकडी घेणारे गिऱ्हाईक मग हळूहळू दुकानातून नाहीसे झाले.

गोंदियाच्या लाखेने मात्र दुसरी गिऱ्हाइके शोधली. आज लाख औषधी गोळ्यांच्या आवरणात, मिठायांच्या चकाकीत, फळांवरच्या लेपात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये जाते.

शेवटी, ज्यांच्या घरी माळ्यावर आजोबांच्या काळ्या तबकड्या पडून आहेत त्यांच्यासाठी. तबकडी जड असेल, कडेला टिचकी मारल्यावर खापरीसारखा आवाज येत असेल आणि वेग ७८ छापलेला असेल, तर ती बहुधा लाखेची आहे. तिला उभी ठेवावी, एकावर एक रचू नये. विनाइलसाठीची हलकी पिन तिच्यावर चालवू नये. ७८ ची वेगळी पिन मिळते. आणि धूळ काढायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नये. पेटीवरचे पॉलिश ज्या गुणामुळे बनते त्याच गुणामुळे लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि तिच्याबरोबर गाणेही. कागदी चकती न भिजवता, साध्या पाण्याने किंचित ओलावलेले मऊ कापड खोबणीच्या दिशेने फिरवावे आणि सावलीत वाळवावे.